कावडीखालचा खांदा

श्रावणबाळाची गोष्ट ठाऊक नसलेलं मराठी घर सापडायचं नाही. आंधळे आईबाप, कावड, तीर्थयात्रा, पाण्याला गेलेला मुलगा आणि दशरथाचा बाण. लहानपणी ही गोष्ट ऐकून आपण सगळेच रडलेलो असतो. पण एक प्रश्न सांगणारी आजीही विचारत नाही आणि ऐकणारं नातवंडही विचारत नाही. दोन जित्या माणसांचं ओझं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या त्या पोराचा खांदा दुखत होता का? रात्री त्याला झोप लागत होती का? गोष्टीला त्याच्याशी कर्तव्य नसतं. आईबाप तहानलेले राहिले, एवढंच दुःख ती उराशी धरून बसते.

आपल्या सरकारनंही हीच गोष्ट पुढं चालवली आहे. ६५ वर्षांवरच्या निराधार वृद्धांना दरमहा पैसे देणाऱ्या योजनेचं नाव आहे ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना’. २०२३ मध्ये ही रक्कम हजारावरून दीड हजार रुपये झाली. पैसे म्हाताऱ्या माणसांना मिळतात आणि ते मिळायलाच हवेत, त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. पण गंमत अशी, की नाव मुलाचं आणि रक्कम आईबापांची. ज्याच्या खांद्यावर कावड आहे, तो या योजनेत केवळ नावापुरता आहे.

ही गंमत माझ्या ध्यानात आली ती पुराण वाचून नव्हे, तर बँकेच्या काउंटरमागे बसून. नांदेडहून देगलूरकडे, पुढं हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव लागतं. बिलोलीतून वेगळं होऊन स्वतंत्र तालुक्याचं ठिकाण झालेलं हे बाजाराचं गाव. इथल्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हा ‘निराधारचा पगार’ जमा झाला, की मांजरम, बरबडा, कुंटूर अशा आसपासच्या गावांतून म्हातारी माणसं यायची. आमच्याकडे या पैशांना लोक ‘पगार’च म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाच्या आयुष्यातला तो पहिलाच पगार असायचा, तेव्हा त्या शब्दाला हसू नये.

या म्हाताऱ्यांबरोबर कुणीतरी असायचंच. बहुधा सून, कधी लेक, कधी शाळा बुडवून आलेली नात. एक बाई ऑटोतून सासऱ्यांना आणायची. त्यांना लकवा झालेला, उजवं अंग गेलेलं. त्यांना उतरवून पायऱ्या चढवण्यापेक्षा मीच शाईचा पॅड आणि रजिस्टर घेऊन ऑटोपाशी जायचो. एकदा अंगठा घेऊन झाल्यावर मी सहज विचारलं, ‘‘घरी यांचं सगळं कोण बघतं?’’ ती म्हणाली, ‘‘मीच की साहेब. सहा वरसं झाली, मीच करायले. वहीत मामांचं नाव हाय, फोटू हाय. माझं कुठंच न्हाई.’’ तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. एखादी चुकलेली नोंद दाखवावी तसं तिनं ते दाखवलं होतं. नोंदी ठेवण्यातच माझी नोकरी गेली. म्हणूनच ते वाक्य अजून लक्षात आहे.

नाव नसलेलं काम

पाहा ना, आजारी माणसासाठी आपल्या भाषेत शब्द आहेत. रुग्ण, पेशंट, अंथरुणाला खिळलेला. जो त्याचं सगळं करतो, त्याच्यासाठी मात्र रोजच्या बोलण्यात सरळ शब्द नाही. त्या कामाला शब्द आहेत. सेवा, शुश्रूषा, उसाभर, उस्तवारी. आणि कुणी फारच केलं असेल तर ‘तिनं गू-मूत काढलं हो सासूचं’ अशी शाबासकी मिळते, तीही बहुधा सासू गेल्यावर, तेराव्याच्या पंगतीत. कर्त्याविना क्रियापद असलेलं हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या बोलत आलो आहोत.

सरकारी मोजमापात हे काम आता कुठं दिसू लागलं आहे. देशातली माणसं आपला दिवस कशात घालवतात याची पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. २०२४ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची ना कुणाची विनामोबदला देखभाल करताना आढळल्या. पुरुषांचं प्रमाण २१.४ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला १४० मिनिटं जातात, पुरुषाची ७४. यात लेकरांचं करणंही आलं. पण लकव्याचा माणूस ज्या घरात आहे, तिथल्या सुनेला विचारलं तर ती मिनिटं मोजायचीच नाही. ती म्हणेल, रात्रीचं धरायचं का?

मराठवाड्यात या कामाला आणखी एक पदर आहे. आमच्या भागातली तरणी माणसं कामासाठी बाहेर पडतात. कुणी हैदराबादला बांधकामावर, कुणी पुण्याला, कुणी ऊसतोडीला. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यासाठी मागं ठेवलेलं एक माणूस. हे मागं ठेवलेलं माणूस कोण, हे घरात बसून कधी ठरत नाही. ते आपोआप ठरतं. ज्याला नोकरी नाही, जिचं लग्न मोडलं किंवा झालं नाही, जी सून सगळ्यांत कमी बोलते, तिच्यावर येऊन पडतं. पहिल्या महिन्यात सगळे फोन करतात. सहाव्या महिन्यात पैसे पाठवतात. दुसऱ्या वर्षी सल्ले पाठवतात.

पुण्यात मानसिक आजारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी या बिननावाच्या माणसाला एक सुंदर नाव दिलं आहे, ‘शुभंकर’. आजारी माणूस ‘शुभार्थी’ आणि त्याचं करणारा ‘शुभंकर’. कॅनडातल्या कॅलगरी इथं संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरात हे सगळं अनुभवलेल्या या माणसानं पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. आजाऱ्याइतकीच त्याच्या घरच्यांनाही एकत्र बसून बोलायला जागा हवी, हा तिथला विचार. २००४ मध्ये आलेल्या ‘देवराई’ या चित्रपटामागंही डॉ. वाणींचा पुढाकार होता. त्यातला आजारी भाऊ सगळ्यांना आठवतो; मला त्याला सांभाळताना मोडकळीला आलेली बहीण जास्त आठवते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातही शुभंकर-शुभार्थी हेच शब्द रुळले आहेत. नाव मिळालं की माणूस दिसायला लागतो. आमच्या नायगावकडे अजून हा शब्द यायचा आहे.

भेटायला येणारे

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत फार चांगली आहे, असं आपण म्हणतो. रीत चांगलीच आहे, पण ती घरातल्या बाईच्या बाजूनं एकदा पाहावी. पाहुणे बिस्किटाचा पुडा किंवा चार केळी घेऊन येतात. खाटेपाशी बसतात. ‘काय हे, किती वाळले’ असं आजाऱ्याच्या तोंडावर म्हणतात. मग अमक्याच्या सासऱ्याला असंच झालं होतं आणि तो कसा गेला, याची साद्यंत हकिगत सांगतात. तोवर ती बाई चहा ठेवते. कपबश्या विसळते. पाहुणे उठताना म्हणतात, ‘‘नीट लक्ष ठेव बरं का, पाठीला जखमा होऊ देऊ नकोस.’’ दिवसाला असे तीन चहा झाले, तर तिची दुपारची अर्ध्या तासाची पाठ टेकणीही जाते.

या भेटीत आजाऱ्याची चौकशी होते, औषधाची होते, डॉक्टरची होते. जी समोर उभी आहे तिची होत नाही. तिचं कंबरदुखणं, तिची वाढलेली साखर, तिचा चढलेला आवाज आणि त्यानंतर तिला स्वतःचीच वाटणारी लाज, यातलं काही खाटेभोवतीच्या बोलण्यात येत नाही. ती कधी आजाऱ्यावर खेकसली, तर मात्र ते गावभर होतं. वर्षानुवर्षं अपुऱ्या झोपेवर असलेल्या माणसाचा तोल जाणं हा दुष्टपणा नसतो, थकव्याचं ते लक्षण असतं. हे तिला कुणीतरी मोठ्या माणसानं एकदा सांगायला हवं.

ठाऊक असाव्यात अशा गोष्टी

इतकी वर्षं खुर्चीत बसल्यामुळं म्हणा, मला नुसतं हळहळून समाधान होत नाही. तेव्हा काही रोकड्या गोष्टी सांगतो.

पहिली पैशाची. खातेदार आजारपणामुळं सही करू शकत नसेल, तर त्याचे पैसे अडून राहत नाहीत. हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटत नसेल, तर अशाच साक्षीनं केलेली नुसती खूणसुद्धा चालते. हा रिझर्व्ह बँकेनं घालून दिलेला रिवाज आहे. सत्तरीपुढच्या आणि अपंग किंवा आजारानं जर्जर झालेल्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असंही रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये सांगितलं आहे. सगळ्याच शाखांत ती सहज मिळेल असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच मिळणार नाही. अर्ज लेखी द्यावा. लेखी अर्जाला बँकवाला घाबरतो, हे मी माहितगार म्हणून सांगतो. निवृत्तिवेतनवाल्यांचा हयातीचा दाखला तर २०२० पासून पोस्टमनही घरी येऊन अंगठ्यावर काढून देतो.

दुसरी गोष्ट वेळेवर करायची. आईबापांचं डोकं शाबूत आहे तोवरच त्यांच्या संमतीनं खातं ‘दोघांपैकी कुणीही’ चालवू शकेल असं करून घ्यावं. अनेकांना वाटतं, मुखत्यारपत्र आहे, मग काळजी नाही. पण करून देणाऱ्याची समज गेली, की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं निकामी होतं. स्मृतिभ्रंशाच्या घरात नेमकं तेव्हाच ते हवं असतं. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ‘माझ्यामागं याचं कोण’ या आईच्या प्रश्नाला निदान कागदावरचं उत्तर मिळतं.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. लकव्यानं कायमचं अंग गेलेला बाप हा कायद्याच्या भाषेत दिव्यांग ठरू शकतो, हे बऱ्याच घरांच्या गावीही नसतं. पार्किन्सनचा आजारही २०१६ च्या कायद्याच्या यादीत आहे. प्रमाणपत्र असलं, की पुढच्या सवलतींची दारं उघडतात. दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अनुदान अडीच हजार करण्याचा निर्णय राज्यानं २०२५ मध्ये घेतला. कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, काठी यांसाठी २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या गरजूंना एकदाच तीन हजार रुपये देते. कमोडची खुर्ची ही किरकोळ वस्तू वाटते. पण रोज चार वेळा माणूस उचलणाऱ्या बाईच्या कंबरेला विचारा.

चौथी गोष्ट शिकून घेण्याची. आजाऱ्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, चादर सुरकुतू द्यायची नाही, उचलताना स्वतःची पाठ न वाकवता गुडघे वाकवायचे, अंगाखालच्या चादरीला धरून दोघांनी सरकवायचं, लघवीची नळी आणि पिशवी स्वच्छ कशी ठेवायची. रुग्णालयातून घरी सोडताना हे सगळं परिचारिकेकडून करून दाखवायला सांगावं, आणि एकदा तिच्यासमोर स्वतः करून बघावं. बहुतेकांना हातात फक्त गोळ्यांची चिठ्ठी मिळते. गावात आशाताई आहे, तिला विचारावं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि जो करतो आहे त्याचाच जीव गुदमरत असेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर त्यानं १४४१६ लावावा. ‘टेली मानस’ नावाची ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, फोनला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक फक्त ‘वेड्यांसाठी’ नाही, थकलेल्यांसाठीही आहे.

आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत

आता त्या बाईच्या प्रश्नाकडं येऊ. माझं नाव कुठं आहे? उत्तर असं, की एका कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं देखभाल करणाऱ्याची व्याख्या केली आहे. मोबदला घेऊन असो वा न घेता, आईवडील असोत वा घरचे कुणी, दिव्यांगाची काळजी घेणारा तो. त्याच कायद्यात, ज्यांना फार जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांना देखभालीसाठी भत्ता देण्याचंही म्हटलं आहे. मात्र हे सगळं सरकारनं आपल्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करायचं आहे. कर्जमंजुरीच्या पत्रात आम्ही अशीच कलमं घालत असू. त्यांचा अर्थ काय असतो, ते मला विचारू नका.

मर्यादा सगळ्यांनाच असतात, पण केरळनं त्या मर्यादेतच बिछान्याला खिळलेल्या रुग्णांची देखभाल करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना काढली. रक्कम महिन्याला सहाशे रुपये, म्हणजे फार नाही. पण ती करणाऱ्याच्या नावानं आहे. तिथंच कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकारानं वेदनाशामक उपचारांचं काम सुरू झालं. पुढं गावोगावच्या शेजाऱ्यांनी ते हातात घेतलं आणि २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरण केलं. पंचायतीच्या मदतीनं परिचारिका घरी येते, जखम धुते, नळी बदलते आणि घरच्यांना शिकवून जाते. स्वयंसेवक येऊन बसतात. आपल्याकडे २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळालं, ही मोठीच गोष्ट झाली. पण ते संरक्षण रुग्णालयाच्या दारात संपतं. रुग्णालयात आठ तासांनी पाळी बदलते. घरी ती बदलतच नाही.

सरकारचं सरकार बघेल, घराचं काय? घरातला हिशेब तर आपल्याच हातात आहे. आठ-दहा वर्षं एकीनं सासूचं केलं आणि वाटणीच्या दिवशी सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं समान चढली, याची प्रकरणं प्रत्येक तालुक्यात आहेत. कायद्यानं ते बरोबरही असेल. पण न्याय हा फक्त वाटणीच्या दिवशी करायचा नसतो, तो महिन्याच्या महिन्याला करायचा असतो. माझा सल्ला साधा आहे. आजारपणाची एक वही ठेवावी. औषधं, डायपर, ऑटो, डॉक्टर, सगळं तारखेनिशी लिहावं आणि दर महिन्याला सगळ्या भावंडांना पाठवावं. खर्चाची वाटणी ठरवावी. जो अंगानं करतो, त्याला पैशाच्या वाट्यातून मोकळं करावं. आणि वर्षातून पंधरा दिवस पुण्याच्या भावानं रजा काढून गावी यावं, करणारीला माहेरी पाठवावं. आईबापांनीही मन मोठं करून, शुद्धीत असताना, करणाऱ्यासाठी काही लिहून ठेवावं. तसं लिहून देताना ‘सांभाळण्याच्या अटीवर’ असं स्पष्ट लिहिलं, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं त्यांचंही रक्षण होतं. अट मोडली, तर दिलेलं परत घेता येतं.

इर्जिक

आमच्या भागातल्या जुन्या शेतकऱ्याला इर्जिक हा शब्द सांगावा लागत नाही. एखाद्याची नांगरट मागं पडली, की शेजारचे आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरत. मजुरी नाही, फक्त जेवण. आज तुझं रान, उद्या माझं. ट्रॅक्टर आले आणि इर्जिक मागं पडली, पण तिच्यामागचा हिशेब काही चुकीचा नव्हता.

तोच हिशेब खाटेपाशी का लावू नये? आमच्याकडे गावागावांत महिलांचे बचत गट आहेत. दहा-पंधरा बायका महिन्याला बसतात, पैसे मोजतात, कर्ज देतात आणि वसूलही करतात. त्यांची वसुली आम्हा बँकवाल्यांनी शिकावी अशी असते. अशा गटानं ठरवलं, की आपल्या गल्लीत ज्या घरात माणूस अंथरुणावर आहे, तिथं आठवड्यातून एक दुपार आपल्यापैकी एकीनं तीन तास बसायचं, तर त्याला ना जीआर लागतो, ना निधी. त्या तीन तासांत घरातली बाई झोपेल, डोकं धुवेल, दवाखान्यात स्वतःची साखर तपासून येईल किंवा नुसतीच बाजारात जाऊन येईल. अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त शिक्षक, गणेश मंडळाची पोरं, माणसं आहेत. फक्त हे काम ‘त्यांच्या घरचं’ म्हणून बाजूला ठेवायची सवय मोडायची आहे. आणि त्या पोरांनाही खाटेपाशी बसवायला हवं. देखभाल हे बाईच्या हाताला उपजत येणारं काम नाही, तेही शिकावंच लागतं.

तोवर निदान एवढं करू. या आठवड्यात आजाऱ्याला भेटायला जाणार असाल, तर केळी राहू द्या. डबा घेऊन जा. आल्या आल्या सांगा, ‘‘चहा ठेवू नका, आम्ही पिऊन आलोय.’’ आजाऱ्याशी बोलून झालं, की करणाऱ्याकडं वळून विचारा, ‘‘तुमची झोप होते का?’’ ती ‘हो’ म्हणेल. लगेच उठू नका. थोडं बसून राहा, म्हणजे खरं काय ते सांगेल.